कप्तानाने चाखलेलं ताट

सिल्वासात म्हाताऱ्या खलाशांसाठी आश्रम आहे म्हटलं की ऐकणारा आधी हसतो. समुद्र दमणला, गोदी मुंबईला आणि खलाशी सामरवरणीच्या वाटेवर, दोन कारखान्यांच्या मधे. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मीही हसले होते. आता कुणी हसलं की मला राग येतो, आणि राग आला की मी गप्प बसत नाही, हे माझ्या शाळेतल्या सगळ्यांना चांगलं ठाऊक आहे.

मी रत्नागिरीकडची. इथल्या मराठी शाळेत शिक्षिका म्हणून आले, नवरा प्रशासनात नोकरीला. निवृत्त झाल्यावर परत जाऊ, परत जाऊ म्हणता म्हणता इथेच राहिलो. निवृत्त शिक्षिकेचा गावाला एकच उपयोग असतो, कुणाला काही लिहून हवं असलं की तिची आठवण होते. आश्रमाच्या वर्धापनदिनाला स्मरणिका काढायचं ठरलं तेव्हा तिथल्या व्यवस्थापकांनी मला गाठलं. "बाई, संस्थेचा इतिहास लिहून द्या. चार पानं पुरेत. जरा चांगलं चांगलं लिहा." चांगलं चांगलं म्हणजे काय ते मी विचारलं नाही. त्या चार पानांत जे मावलं ते छापून आलं. जे मावलं नाही ते इथे लिहिते आहे.

आश्रम ज्यांनी काढला ते मुंबईच्या गोदीत जहाजांना शिधा पुरवणारे व्यापारी होते. तांदूळ, डाळ, पीठ, तेल, कांदे-बटाटे, जहाज सुटायच्या आत चढवून द्यायचं. इकडे कारखान्यांना सवलती मिळत होत्या त्या काळात चारचौघांसारखी त्यांनीही जमीन घेऊन ठेवली. कारखाना काही काढला नाही. मूलबाळ नव्हतं, बायको आधीच गेली होती. त्या जमिनीवर त्यांनी खोल्यांची एक बैठी ओळ बांधली, पुढे लांब पडवी काढली, मागे स्वयंपाकघर, आणि ज्यांना सांभाळणारं कुणी नाही अशा खलाशांना बोलावून आणलं. कुणी दमणचा, कुणी गोव्याचा, कुणी आमच्या कोकणातला. बहुतेकांचं आयुष्य समुद्रावर गेलेलं. घरी पैसे पोचत राहिले आणि माणूस कधी पोचलाच नाही, अशी ही माणसं. कायमची घरी आली तेव्हा घरात त्यांच्यासाठी जागा नव्हती.

त्या व्यापाऱ्यांना हे कसं सुचलं, ते मला सारंगांनी सांगितलं. सारंग म्हणजे जहाजावरच्या खलाशांचा म्होरक्या. आश्रमातले सारंग रत्नागिरीच्या खाडीकाठचे. त्यांना नाव होतंच, पण तिथे त्यांना नावाने कुणी हाक मारली नाही आणि त्यांनीही सारंगपण कधी उतरवून ठेवलं नाही. उंच, हाडापेराने मोठे, हाताचे तळवे दोरखंडांनी इतके घट्ट झालेले की चहाचा पेला गरम आहे की गार हे त्यांना ओठाला लावल्याशिवाय कळत नसे. मी रत्नागिरीची म्हटल्यावर त्यांनी मला जी "बाय" म्हणायला सुरुवात केली ती शेवटपर्यंत.

"धन्यानं सोता सांगितलान मला," ते म्हणाले. "तरुणपणी किडकी डाळ चढवलान जहाजांवर. म्हणालान, ती ज्यांनी खाल्ली ती माणसा आता म्हातारी झाली असतील. त्यांना चार घास बरे देऊ दे."

हे मी स्मरणिकेत लिहिलं होतं. व्यवस्थापकांनी ते वाक्य काढून त्या जागी "सेवाभावाने प्रेरित होऊन" असं घातलं.

पण त्या गृहस्थांनी शब्द पाळला. स्वयंपाकाला त्यांनी आचारी ठेवला नाही, एका बोटीवरचा निवृत्त भंडारी आणला. भंडारी म्हणजे खलाशांसाठी रांधणारा. आठवड्यातून तीनदा दमणहून वापीमार्गे मासळी यायची. मांदेली, बोंबील, बांगडा, कधी नशीब असेल तर सुरमई. स्वतः ते लहानपणापासून शाकाहारी, पण बसायचे त्याच पडवीत, त्याच पंगतीत, आपली भाजी-भाकरी घेऊन. शेजारच्याने काटे काढून ताटाच्या कडेला लावले तरी त्यांनी कधी नाक मुरडलं नाही. जन्मात त्यांनी होडी वल्हवली नव्हती, तरी आश्रमात सगळे त्यांना कप्तान म्हणायचे. ते म्हणवून घ्यायचे आणि खूश व्हायचे.

मग ते गेले. पाठोपाठ भंडारी गेला. विश्वस्त म्हणून पुतणे आले. त्यांना इकडे यायला सवड नव्हती, म्हणून त्यांनी व्यवस्थापक नेमले. व्यवस्थापक मुंबईचे, नम्र, कपड्यांना कडक इस्त्री, बोलताना हात जोडलेले. माणूस वाईट नव्हता. आपल्या अंगावर काही येऊ नये एवढीच त्यांची आयुष्याकडे मागणी होती.

जुन्या स्वयंपाकघराचं छप्पर गळायला लागलं तेव्हा खडोलीकडच्या एका कारखानदाराने नवं बांधून द्यायची तयारी दाखवली. सगळं स्टीलचं, वाफेवर भात शिजवायची मोठी भांडी, पांढऱ्या फरशा. सगळे त्यांना शेठ म्हणत. शेठनी एकच अट घातली. आपल्या नावाच्या पाटीखाली मासळी-मटण शिजायचं नाही. पुतण्यांनी फोनवर हो म्हटलं. त्यांचं काय जात होतं? जी माणसं तिथे जेवणार होती त्यांना कुणी विचारलं नाही. पाटी लागली, फोटो निघाले, आणि मासळी बंद झाली.

मी इतिहास लिहायला जायला लागले ते यानंतर. नवीन स्वयंपाकीण धुळ्याकडची होती, नवरा खडोलीच्या कारखान्यात कामाला. हाताला चव होती बिचारीच्या. पण दुधी, खिचडी, कढी, पुन्हा दुधी. ती ताटं परत आलेली बघायची आणि ओशाळायची. "मना काय दोष शे बाई यामा?" ती मला म्हणायची. दोष तिचा नव्हताच. ज्यांनी उभा जन्म माशाच्या कालवणाशी भात कालवला त्यांच्यापुढे दुधी वाढला तर ते तो चिवडणार, दुसरं काय करणार?

बाकीचे कसंबसं गिळायचे. सारंगांना ते जमेना. त्यांचा काही हट्ट नव्हता, हे मला ठासून सांगायचं आहे, कारण पुढे व्यवस्थापकांनी सगळ्यांना तसंच सांगितलं. ते रोज ताटावर बसायचे, घास घ्यायचे, चावत राहायचे आणि तो घशाखाली उतरायचा नाही. मनगटं काटकुळी झाली. सदरा खांद्यावरून घसरायला लागला. डॉक्टर तपासून म्हणाले, रोग काही नाही, वय झालंय, जे आवडेल ते खाऊ घाला. व्यवस्थापक मान हलवून म्हणाले, "आवडीचं सगळं देतो, डॉक्टर. फक्त तेवढं एक सोडून."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी सारंगांना म्हटलं, तुम्ही एवढे जण आहात, तुम्ही म्होरके, उठा आणि सांगा की आम्ही जेवणार नाही. बघू काय करतात.

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी काहीतरी अभद्र बोलले होते. "चालत्या जहाजावर नाय म्हणायचा नसता, बाय. त्याला बंड म्हणतात."

"हे जहाज नाही."

"मग काय हाय?" ते म्हणाले, आणि मला समजावून सांगायला लागले. जेवण वाईट असलं तर खलाशी ओरडत नाही, काम थांबवत नाही. त्याची रीत आहे. सारंग दोघांना बरोबर घेतो, वाढलेलं ताट, त्यातला एक घासही न मोडता, उचलतो आणि वर कप्तानाकडे जातो. डोकी उघडी. ताट कप्तानापुढे ठेवायचं आणि उभं राहायचं. बोलायचं काहीच नाही. ताट बघूनच कप्तानाने समजायचं. मग तो स्वतः चाखतो, चाखावंच लागतं. वाईट आहे म्हणाला तर भंडाऱ्याला बोलावून दुसरं रांधायला लावतो. चांगलं आहे म्हणाला तर ताट घेऊन खाली यायचं, मुकाट्याने जेवायचं, आणि ती सफर संपेपर्यंत त्या गोष्टीचं नाव काढायचं नाही.

"आणि तो खोटं बोलला तर?" मी विचारलं.

"कप्तान खोटा बोलत नाय," सारंग म्हणाले. हसले नाहीत. त्यांना हे इतकं उघड वाटत होतं की मी शिक्षिका असून कशी विचारते याचंच त्यांना नवल वाटलं असावं.

आता कप्तान कोण, यावर पडवीत बरेच दिवस खल चालला. व्यवस्थापक नव्हेत, यावर एकमत होतं. तो हुकूम पोचवणारा, हुकूम देणारा नव्हे. पुतण्यांना कुणी बघितलं नव्हतं. स्वयंपाकघरात काय शिजेल याचा हुकूम शेठचा, तेव्हा कप्तान तेच, असं अखेर ठरलं. आणि शेठ वर्धापनदिनाला प्रमुख पाहुणे म्हणून येणार होते. सारंगांच्या चेहऱ्यावर मी बऱ्याच दिवसांनी तरतरी पाहिली. आता ते त्या दिवसाकडे डोळे लावून बसले. दुधी समोर आला की म्हणायचे, "चालू दे. कप्तान येतो हाय." जेवत मात्र तितकंच कमी होते.

मी व्यवस्थापकांना आधीच सांगून ठेवलं होतं. हे लोक ताट घेऊन येतील, शेठना कल्पना द्या, कशासाठी ते सांगा. ते हात जोडून म्हणाले, "सांगतो, बाई, अगदी सांगतो." त्यांनी सांगितलं नाही. शेठना नाराज करणारं काहीही त्यांच्या तोंडून निघणं शक्यच नव्हतं.

वर्धापनदिनाला अंगणात मांडव घातला होता. सकाळचं कोवळं ऊन, खुर्च्यांवर पांढरी कापडं, सगळीकडे स्पीकर. नगरातली बरीच मंडळी आली होती. मला इतिहास लिहिणारी म्हणून मंचावर टोकाची खुर्ची मिळाली होती. शेठ वेळेवर आले, साधे कपडे, हसरा चेहरा. खोटं कशाला सांगू, माणूस मनाने मोकळा वाटला. भाषणात त्यांना म्हाताऱ्या वडिलांच्या आठवणीने गहिवरून आलं आणि ते गहिवरणं खरं होतं.

भाषण संपवून शेठ खुर्चीत बसले आणि पडवीतून सारंग निघाले. मागे दोघे जण, एक दमणचे, एक गोव्याचे. तिघांची डोकी उघडी. सारंगांनी त्या दिवशी पांढरा सदरा घातला होता, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला. हातात ताट. खिचडी, कढी, दुधीची भाजी, पापड, जसं वाढलं तसं. कढीचा थेंबही सांडला नाही. ते मंचाच्या पायऱ्या चढले, शेठपुढच्या टेबलावरची फुलदाणी त्यांनी बाजूला केली, ताट ठेवलं, एक पाऊल मागे सरून ताठ उभे राहिले.

मला त्या क्षणाला अभिमान वाटला. हे लिहिताना लाज वाटत नाही. इतक्या लोकांत, इतक्या बडबडीत, न बोलता इतकं स्वच्छ बोलणारं त्या दिवशी दुसरं कुणी नव्हतं.

सूत्रसंचालन करणाऱ्याने माइक ओढला. "आपल्या अन्नदात्यासाठी आश्रमवासीयांनी स्वतःच्या ताटातला पहिला घास आणला आहे. जोरदार टाळ्या!" टाळ्या पडल्या. मी उठले. "अहो, ते तक्रार घेऊन आलेत," मी म्हटलं. मोठ्याने म्हटलं. माझ्यापुढे माइक नव्हता. व्यवस्थापकांना मात्र ऐकू गेलं, कारण त्यांनी माझ्याकडे बघून स्मित केलं आणि हाताने बसायची खूण केली. मी बसले नाही. मी शेठच्या खुर्चीकडे निघाले तर फोटोवाला आडवा आला. "बाई, फ्रेममधून बाजूला व्हा."

शेठ उभे राहिले. त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी खिचडीचा घास कढीत बुडवला, तोंडात घातला, डोळे मिटून चावला. "बहोत सरस," ते माइकमध्ये म्हणाले. "बिलकुल घर जैसा. इससे अच्छा खाना मैंने नहीं खाया." मग वाकून ते सारंगांच्या पाया पडले. लोक उभे राहून टाळ्या वाजवायला लागले.

ते खोटं बोलले नव्हते. त्यांच्या घरी हेच शिजत असणार. त्यांच्या जिभेला ते खरंच चांगलं लागलं. मला वाटतं, ते खोटं बोलले असते तर मला त्यांचा इतका राग आला नसता.

सारंगांचा चेहरा मी जवळून पाहिला. त्यावर राग नव्हता, अपमान नव्हता. आपल्याला निकाल कळला, एवढंच होतं. त्यांनी दोन्ही हातांनी ताट उचललं, मान झुकवली, आणि तिघे आले तसे परत गेले. मांडवात जिलबीची ताटं फिरायला लागली तेव्हा पडवीत ते तिघे खाली बसून ती गार झालेली खिचडी जेवत होते. सारंगांनी त्या दिवशी ताट स्वच्छ केलं. नंतर ते मागच्या अंगाला जाऊन ओकले, हे स्वयंपाकिणीने मला सांगितलं.

तो फोटो स्मरणिकेच्या दुसऱ्या आवृत्तीत मुखपृष्ठावर आला. गावाच्या ग्रुपवरही तो बरेच दिवस फिरत होता. माणसं खाली हात जोडलेली चित्रं टाकत होती. मी एकदा लिहिलं की या फोटोत काय चाललं आहे ते तुम्हाला माहीत आहे का. कुणीतरी उत्तर दिलं, "हो बाई, अन्नपूर्णेचा प्रसाद." मी फोन उपडा ठेवला.

त्यानंतर सारंग खाटेवरच असायचे. एका रविवारी नवऱ्याने दमणहून मांदेली आणली. मी ती कुरकुरीत तळली, आमसुलाचं कालवण केलं, भात, डबा भरला, आणि ओढणीखाली झाकून आश्रमात नेला. दारावर कुणी अडवलं नाही. मी डबा उघडला तशी खोलीभर वास दरवळला. सारंगांनी डोळे मिटले. नाकपुड्या हलल्या. मला वाटलं, जिंकले.

"सगळ्यांना आणलास?" त्यांनी विचारलं.

"तुमच्यापुरतं."

"खलाशी खिचडी खाणार आणि सारंग म्हावरा? नको, बाय."

मला ते पटलं. चूक माझी नव्हती, पण रीत त्यांची होती. पुढच्या रविवारी मी दोन मोठे डबे नेले. नवरा कुरबुरला, पण गाडी घेऊन बरोबर आला. सगळ्यांना पुरेल एवढं होतं. पडवीत मी पानं मांडली, डबे उघडले, सारंगांना दोघांनी धरून आणून बसवलं. दमणच्या म्हाताऱ्याच्या तोंडाला पाणी सुटलेलं मला दिसत होतं. कुणी हात पुढे केला नाही. सगळे सारंगांकडे बघत होते.

सारंगांनी मान हलवली. "कप्तानानं चाखलान," ते म्हणाले. "बरा हाय म्हणालान. आता सफर संपेपर्यंत ह्याचा नाव काढायचा नाय."

मग माझा तोल गेला. मी त्यांच्यावर ओरडले, आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. मी म्हटलं, कसली सफर आणि कसला कप्तान? तो एक कारखानदार आहे. त्याला समुद्राचा स माहीत नाही. तुम्ही त्याच्यापुढे ताट का ठेवलंत तेही त्याला कळलं नाही, त्याला वाटलं तुम्ही त्याचा सत्कार करताय. तुमची रीत पाळायला समोरच्याला ती माहीत तरी असावी लागते. तो तुमचा कप्तान नाही. त्याचा हुकूम तुम्हाला लागू नाही. जेवा.

नवरा अंगणात गाडीपाशी उभा राहून दुसरीकडे बघत होता. मुलीच्या वयाच्या बाईने आवाज चढवला म्हणून सारंग रागावले नाहीत. मी बोलले ते त्यांनी नीट ऐकलं होतं आणि त्यावर ते विचार करत होते.

"तो कप्तान नाय," ते हळू म्हणाले. "बरा. मग कोण हाय, बाय?"

मी पुतण्यांचं नाव घेणार होते, व्यवस्थापकांचं, सरकारचं. पण त्यांतलं कुणीही ताट चाखायला आलं नसतं. मी काय उत्तर देते याची सगळे म्हातारे वाट बघत होते, आणि मांदेलीचा वास पडवीभर पसरला होता. मग सारंगांनी वाकून, दोन्ही हातांनी, डब्यांची झाकणं एकेक करून लावली आणि डबे माझ्याकडे सरकवले.